सिगामणीच्या नावावर माझं बोट

सोमवारी सकाळी सिगामणीच्या बोटाला चिमटा लावला आणि आकडा आला सत्त्याऐंशी. मी फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला. त्यानं आकडा बघितला, मग माझं तोंड बघितलं आणि म्हणाला, "पाठवू नकोस."

"पाठवू नकोस म्हणजे काय? नऊला सिस्टर बघायला बसते."

"नवाला वीस मिनिटं आहेत. तुझं बोट लाव."

"अण्णा, डोकं ठिकाणावर आहे का?"

"डोकं आहे. दम नाही," तो म्हणाला. "लाव म्हणतो ना."

मी लावलं. आता ज्याला माझ्यावर तोंडसुख घ्यायचं असेल त्यानं खुशाल घ्यावं, पण आधी ऐकून घ्यावं.

मी अरुळप्पन. चॅम्पियन रीफच्या सोन्याच्या खाणीत सत्तावीस वर्षं ड्रिलच्या मागचा माणूस. पुढचा माणूस सिगामणी. तो दगडात भोक पाडायचा, मी मागून रेटायचो. दगडाची धूळ आधी त्याच्या तोंडात जायची, उरलेली माझ्या. म्हणून आज त्याची फुप्फुसं जास्त गेलीत आणि माझी कमी. आमच्या दोघांत फरक काय तो एवढाच. खाण बंद पडून वीस वर्षांच्या वर झाली, पण कंपनीनं दिलेल्या लाईनीतल्या खोल्यांत आम्ही अजून शेजारी शेजारीच राहतो. त्याची बायको गेली, माझी जेबमालै कोरोनात गेली. आता सकाळचा चहा त्याच्या ओट्यावर, संध्याकाळची कांजी माझ्या.

दोन वर्षांपूर्वी बंगळूरच्या एका हॉस्पिटलनं आमच्या लाईनीतल्या चाळीस म्हाताऱ्यांच्या फुप्फुसांवर लक्ष ठेवायचं काम घेतलं. दोन घरांत मिळून एक चिमटा आणि एक फोन. रोज सकाळी नवाच्या आत फोनवर आपलं नाव दाबायचं, बोटाला चिमटा लावायचा. रक्तात हवा किती आणि नाडी किती, हे दोन आकडे फोनवर येतात, पाठवायचं बटण दाबलं की बंगळूरला जातात. मग पाच प्रश्न. दम कसा आहे, खोकला वाढला का, बेडक्याचा रंग कोणता, झोप लागली का, पाय सुजलेत का. प्रत्येकाची नेहमीची रेघ तिकडे ठरलेली असते. सिगामणीची एक्क्याण्णव. रेघेच्या जवळपास असलात तर फोनवर हिरवं, खाली घसरलात तर पिवळं, फारच घसरलात तर लाल. तिकडे शीजा सिस्टर बसलेली असते, आम्हा सगळ्यांना तात्ता, म्हणजे आजोबा, म्हणणारी. मूळची केरळची, तिचं तमिळ ऐकून सिगामणी म्हणायचा, ही बाई प्रत्येक शब्दाला खोबरेल तेल लावून बोलते. पण पोरगी हुशार. बेडका हिरवा झाला म्हटलं की दम लागायच्या दोन दिवस आधी तिला कळायचं.

प्रत्येकाच्या घरी एक निळं पाकीट ठेवलेलं. त्यात पाच दिवसांच्या गोळ्या. सिस्टर सांगेल त्याच दिवशी फोडायचं, आपल्या मनानं नाही. सिगामणीचं पाकीट मुरुगनच्या तसबिरीमागे होतं, उदबत्तीची राख बसलेलं.

हे सगळं आम्हाला दोनदा समजावून सांगितलं होतं. पण लाईनीत सगळ्यांच्या मनात एकच बसलेलं, पिवळं म्हणजे गाडी. कारण पहिलं पिवळं आलं ते कुप्पनचं. संध्याकाळी गाडी आली, घेऊन गेली, आणि अकराव्या दिवशी कुप्पन पेटीतून परत आला. त्याचं पिवळं दुपारपर्यंत लाल झालं होतं, आणि आधीचे चार दिवस त्यानं चिमटा लावलाच नव्हता, हे कोणी लक्षात ठेवलं नाही. गाडी तेवढी लक्षात राहिली.

आणि सिगामणीला गाडी नको होती. निदान रविवारपर्यंत तरी नको होती.

रविवारी त्याच्या नातीचं, कयलचं, हळदीचं न्हाण होतं. पोरगी मोठी झाली की आमच्यात मामा वाजतगाजत ताटं घेऊन येतो. रेशमी साडी, बांगड्या, फुलं, गूळ, नारळ. मामानंच ओल्या झावळ्यांची खोपी बांधायची, मामाच्याच ताटातली साडी पोरीनं नेसायची. पण कयलचा मामा, म्हणजे सिगामणीचा मुलगा इळंगो, सहा वर्षांपूर्वी होसूरच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला. म्हणजे मान आता आजोबाचा. पूंगोडी, सिगामणीची मुलगी, तिकडे रॉबर्टसनपेटला सासरी. तिच्या सासूनं भर बायकांत विचारलं होतं, "तुझ्या माहेरून ताट आणायला आहे तरी कोण?" पूंगोडीनं ते बापाला सांगितलं नव्हतं. पण असल्या गोष्टी लपतात थोड्याच. सिगामणीच्या कानावर गेलं आणि त्या दिवसापासून त्यानं एकच धरलं, "ताट मी डोक्यावर घेणार. हातात नाही, डोक्यावर."

पुढे ढकलायचीही सोय नव्हती. पुढच्या आठवड्यात आडी महिना लागणार होता. त्यात शुभकार्य नाही.

म्हणून मी माझं बोट लावलं. आकडा पंच्याण्णव, नाडी बहात्तर. प्रश्नांना उत्तरं दिली, नेहमीसारखं, नेहमीसारखं, पांढरा, लागली, नाही. हिरवं आलं. सिगामणीनं माझ्या मांडीवर थाप मारली.

"जुनी सवय आहे आपली," तो म्हणाला आणि हसता हसता खोकला.

जुनी सवय म्हणजे टोकनाची. खाली उतरायच्या आधी गेटावर आपलं पितळी टोकन लावायचं, वर आलं की काढून घ्यायचं. कोणाला उशीर झाला, कोणाची रात्रीची उतरली नाही, की जोडीदार दोघांची टोकनं लावून टाकायचा. सगळेच करायचे. एकदा मी कंपनीला न सांगता जेबमालैला बघायला तिच्या गावी गेलो. सिगामणीनं माझं टोकन लावलं. अकरा वाजता खाली एअरब्लास्ट झाला, डोंगर आतल्या आत फुटला. सगळ्यांची मोजदाद झाली, माझं टोकन गेटावर लटकलेलं आणि मी कुठेच नाही. सिगामणी स्वतः बेशुद्ध, सांगणार कोण? तीन माणसं मला शोधायला दगडांत शिरली. नागप्पनचा पाय गेला त्यात. माझी आई गेटावर छाती बडवत बसलेली, आणि मी संध्याकाळी कानाला अत्तर लावून आलो. नागप्पनसमोर मान वर करून मी पुढे कधी बोललो नाही. त्या दिवशी शपथ घेतली होती, परत असलं करणार नाही. सोमवारी ती आठवलीही. आठवली आणि तरी बोट लावलं.

मंगळवारीही लावलं.

मंगळवारी दुपारी सिगामणी ओट्यावर झावळ्या विणायला बसला. रविवारच्या खोपीला वीस लागणार होत्या. एक विणायचा आणि गुडघ्यांवर हात टेकून थांबायचा. मी त्याची नखं बघत होतो. जांभळी पडायला लागली होती.

"अण्णा, तेवढं पाकीट फोडून घे ना."

"सिस्टरनं सांगितल्याशिवाय फोडायचं नाही."

"मग तिला सांगू."

"सांग. आणि गाडीत तूच बस." त्यानं झावळी माझ्याकडे फेकली. "विण. नुसतं बघत बसलायस."

मी विणायला लागलो. माझी झावळी वाकडी झाली तेव्हा त्यानं मला गाढव म्हटलं, ते मला बरं वाटलं. शिवी द्यायला दम लागतो.

बुधवारी वारा सुटला. खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर आमच्या लाईनीच्या उशाला आहेत, सोनं काढून उरलेली पिठासारखी माती. आषाढी वारा आला की ती उठते आणि भात झाकून ठेवला तरी दाताखाली येते. सिगामणीनं दारं-खिडक्यांना ओली धोतरं लावली. तीन रात्री तो खुर्चीत बसून होता, आडवं व्हायला जमत नव्हतं. एक वाक्य बोलायला त्याला मध्ये दोनदा थांबावं लागत होतं.

त्या दिवशी माझं बोट त्याच्या नावावर लावताना मी त्याच्याकडे बघितलं नाही. चिमट्याला ते कळत नाही. हिरवं आलं.

दहा वाजता फोन वाजला. शीजा सिस्टर.

"अरुळप्पन तात्ता, सिगामणी तात्तांना काय खायला घालताय?" तिचा आवाज हसरा होता. "नाडी नेहमी शंभराच्या आसपास असते त्यांची. तीन दिवस झाले, बहात्तर."

सिगामणी समोर बसून माझ्याकडे टक लावून बघत होता. त्यानं मान हलवली, हळूच, नाही म्हणून.

"आराम चाललाय सिस्टर," मी म्हणालो. "नातीचं न्हाण आहे, खुशीत आहेत."

"द्या बरं त्यांना."

"आंघोळीला गेलेत."

"ठीक आहे. उद्या बाराला वेन्निलाला पाठवते. ती बघून जाईल."

वेन्निला म्हणजे आमच्याच लाईनीतली आरोग्यसेविका, पिशवी घेऊन घरोघर फिरणारी. फोन ठेवला आणि सिगामणी म्हणाला, "उद्या सकाळी... मी पूंगोडीकडे जातो. वेन्निला आली की... सांग, नातीकडे गेलाय."

"तू लाईनीच्या टोकापर्यंत तरी चालशील का?"

"तू ने."

मला राग आला. खरं सांगतो, त्याच्यावर कमी आणि माझ्यावर जास्त. मी म्हणालो, "अण्णा, तू मेलास तर मी पूंगोडीला काय तोंड दाखवू?"

"मी रविवारनंतर मरेन," तो म्हणाला. "शब्द दे. कोणाला बोलणार नाहीस."

मी दिला. सत्तावीस वर्षं ज्या माणसाच्या पाठीकडे बघत काम केलं, त्याला नाही म्हणायची मला सवयच नव्हती.

गुरुवारी साडेआठला त्याच्याकडे गेलो तर दार उघडं, सिगामणी खुर्चीत पुढे वाकलेला, कोपर गुडघ्यांवर. प्रत्येक श्वासाला गळ्याची खळी आत-बाहेर होत होती. छातीतून शिट्टी वाजत होती ती मला उंबऱ्यातून ऐकू आली. ओठ जांभळासारखे. त्यानं मान वर केली, मला बघितलं आणि विचारलं, "केज आली का?"

केज म्हणजे खाणीत खाली नेणारा पाळणा. तो कधीच गंजून गेला.

मी चिमटा त्याच्या बोटाला लावला. त्याच्याच बोटाला. अठ्ठ्याहत्तर. लाल.

एवढं होऊनही मी काय केलं असेल? पाठवलं का? नाही. माझ्या डोक्यात आलं, आधी आकडा वर आणू, मग पाठवू. आकडा वर आला की सगळं निभावेल. वेन्निला येईल, हिरवं बघेल, जाईल. माझ्या घरात जेबमालैचं ऑक्सिजनचं सिलिंडर होतं. ती गेल्यावरही मी ते भरून ठेवत होतो, का ते मला विचारू नका. धावत गेलो, म्हणजे माझ्यानं जेवढं धाववतं तेवढं, ते ओढत आणलं, नळी त्याच्या नाकाला लावली, चावी फिरवली आणि फिरवतच गेलो.

आमच्यात हे हाडात मुरलेलं आहे. सुरुंग उडाला की खाली सगळा धूर कोंडतो. तेव्हा दाबाच्या हवेचा नळ पूर्ण उघडायचा. अर्धा उघडणारा माणूस मरतो आणि जोडीदाराला घेऊन मरतो, असं पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणून मी चावी फिरायची थांबेपर्यंत फिरवली.

आणि आकडा चढला. पंच्याऐंशी, नव्वद, चौऱ्याण्णव. मी चिमट्याकडे बघत गुडघ्यावर बसलो होतो आणि येशूचं नाव घेत होतो. सत्त्याण्णव.

"अण्णा, सत्त्याण्णव," मी म्हणालो. "तुझं स्वतःचं. माझ्यापेक्षा जास्त."

छातीची शिट्टी मंद झाली होती. गळ्याची खळी हलायची थांबली. त्यानं डोळे मिटले. चार दिवसांनी माणसाला झोप लागली म्हणून माझे डोळे भरून आले. मी त्याच्या नावावर सत्त्याण्णव पाठवलं, आणि पहिल्यांदा खोटं नाही म्हणून मला बरं वाटलं. मग आत जाऊन चहा टाकला. मला आजही तो चहा आठवतो. मी त्यात आलं किसत होतो.

फोन वाजला.

"सत्त्याण्णव?" शीजा सिस्टर म्हणाली. आज आवाजात हसू नव्हतं. "आणि नाडी एकशे अठरा. ही नाडी त्यांची आहे. मग तीन दिवस कोणाची होती?"

मी दारातून सिगामणीकडे बघितलं.

"तात्ता, ऑक्सिजन लावलाय का?"

"लावलाय."

"कितीवर?"

"पूर्ण."

मग ती म्हणाली, "त्यांना हाक मारा. मोठ्यानं. खांदा हलवा."

मी बाहेर आलो. "अण्णा." खांदा हलवला. मान एका बाजूला कलंडली. "अण्णा, ऊठ." डोळे किंचित उघडले, पांढरे दिसले, परत मिटले. त्याच्या हातात मी काल दिलेली झावळीची पात होती, ती खाली पडली.

"उठत नाही सिस्टर. झोपलाय."

"ती झोप नाही," ती म्हणाली. "नीट ऐका. ऑक्सिजन बंद करू नका. कमी करा. काचेत गोळी दिसते ना, ती एकवर आणा."

"एकवर? अहो, आता कुठे सत्त्याण्णव झालंय."

"सत्त्याण्णव तुमच्यासाठी चांगलं. त्यांच्यासाठी नाही. इतकी वर्षं त्यांचं शरीर कमी हवेवर चालायला शिकलंय. एकदम भरमसाट दिलीत की आतला वाईट वायू बाहेर पडत नाही, साठत जातो, आणि माणूस गुंगीत जातो. खाली आणा. आत्ता."

मी चावी फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा हवेचा नळ मी उलटा फिरवला. गोळी एकवर आली.

"आता आकडे मला वाचून दाखवा."

"शहाण्णव. पंच्याण्णव." मी वाचत होतो. "त्र्याण्णव. एक्क्याण्णव. सिस्टर, पडतोय."

"पडू द्या. वाचत राहा. त्यांना सरळ बसवा, मागे उशी द्या. गाडी मी कळवली आहे. वेन्निला पण निघाली आहे."

"नव्वद. एकोणनव्वद." माझा हात कधी चावीवर गेला ते मला कळलं नाही. बोटं आपोआप तिकडे जात होती. "सिस्टर, एकोणनव्वद आला. थोडं वाढवतो."

"हात काढा तात्ता."

"तो मरेल."

"अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव, याच्या मध्ये ठेवायचं आहे. तुम्ही चांगलं करताय. हात काढा आणि त्यांच्याशी बोला. झोपू देऊ नका. चिडवा त्यांना, तुम्हाला जमतं."

मी हात मांडीखाली दाबून धरला. खरंच, उजव्या हातावर बसलो. आणि त्याला चिडवायला लागलो. काय काय बोललो देव जाणे. तू ड्रिलर नाहीस, तू भाजीवाला, म्हणालो. तुझी झावळी माझ्याहून वाकडी. पूंगोडीची सासू खरं बोलली, तिच्या माहेरी कोणी नाही, ताट आणायला माणूसच नाही. एकोणनव्वद. अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद. वारा दाराची ओली धोतरं आपटत होता. मी बोलत होतो आणि सिस्टर कानात म्हणत होती, बोलत राहा.

मग सिगामणीचे ओठ हलले. मी कान नेला.

"गाढवा," तो म्हणाला.

वेन्निला आली तेव्हा मी उजव्या हातावर बसून रडत होतो. तिनं दम्याच्या पंपाला नळकांडं लावून त्याला औषध दिलं, छातीला कान लावला, मग घरभर बघत विचारलं, "निळं पाकीट कुठे आहे?" मी तसबिरीमागून काढून दिलं. तिनं राख पुसली. "फोडलेलंच नाही," ती म्हणाली. फोन अजून चालूच होता, त्यात सिस्टरनं ऐकलं.

"अरुळप्पन तात्ता," ती म्हणाली, "सोमवारी त्यांचा खरा आकडा किती होता?"

"सत्त्याऐंशी."

"तेवढं मला पाठवलं असतंत तर मी एकच सांगितलं असतं. पाकीट फोडा, घरीच बसा, मी रोज फोन करते. गाडी पाठवली नसती. रविवारी ते आपल्या पायांनी गेले असते."

गाडी आली, त्याला घेऊन गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. समोर नऊ विणलेल्या झावळ्या होत्या. सात त्याच्या, दोन माझ्या.

बंगळूरच्या हॉस्पिटलात त्याच्या तोंडाला घट्ट पट्ट्यांचा मुखवटा लावला आणि यंत्रानं आतला वायू बाहेर काढायला घेतला. शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आणखी झाला असता तर मुखवट्यानं भागलं नसतं. शनिवारी म्हणाले, धोका टळला, पण आठवडाभर उठायचं नाही.

शनिवारी दुपारी पूंगोडी आली. मी आतून चटई आणली, ती बसली नाही. उंबऱ्यातच उभी राहिली.

"चित्तप्पा," ती म्हणाली. लहानपणापासून मला काकाच म्हणते, त्या दिवशीही म्हणाली, हेच खूप. "तीन दिवस तुम्ही माझ्या बापाच्या नावावर तुमचा श्वास पाठवत होतात."

"हो."

"मला एक फोन करता आला नाही?"

"त्यानं शब्द घेतला होता."

"त्याला शब्द दिलात. आणि मी? मी कोण?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. "माझा भाऊ असाच गेला, सगळं झाल्यावर मला कळलं. बाप पण तसाच जाणार होता."

ती झावळ्यांकडे बघत होती. मी दोन रात्रीत उरलेल्या अकरा विणल्या होत्या, सगळ्या वाकड्या.

"उद्या ताट तुम्ही आणा," ती म्हणाली.

"मी? पूंगोडी, माझ्यामुळे तर तो..."

"तुमच्यामुळे म्हणूनच. त्याच्या जागी बोट लावायला पुढे झालात ना? आता त्याच्या जागी ताट उचला. आणि सासूबाईंनी विचारलं तर काय झालं ते तुमच्या तोंडानं सांगा. मी सांगणार नाही."

रविवारी सकाळी मी सिगामणीची पांढरी वेष्टी नेसलो. मला आखूड झाली. ढोलवाले गल्लीत आले होते, ताटं ओळीनं मांडली होती, आणि मी साडीचं ताट उचलणार इतक्यात खिशातला फोन वाजला. नऊला पाच कमी.

सिस्टरचा नंबर. पण आवाज तिचा नव्हता. घोगरा, तुटक.

"टोकन... माझं मीच लावलंय आज," सिगामणी म्हणाला. "नव्वद."

मग फोनवर सिस्टर आली. "जेवायला मुखवटा काढला तर हट्ट करून फोन मागितला त्यांनी. आकडा तुमच्या फोनवर पण पाठवलाय. आता ठेवते, त्यांना बोलू द्यायचं नाहीये."

मी ताट डोक्यावर घेतलं. हातात नाही, डोक्यावर. लाईनीच्या टोकापासून रिक्षा, मग बाजाराच्या तोंडापासून पूंगोडीच्या दारापर्यंत चालत, ढोलाच्या मागे. मध्ये दोनदा थांबावं लागलं, मलाही दम लागतोच. दारात तिची सासू उभी होती. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "हे कोण? माहेरचा माणूस कुठाय?"

ढोल थांबले होते. गल्लीतली झाडून सगळी माणसं ऐकत होती.

"हॉस्पिटलात," मी म्हणालो. "त्याचा आजार मी लपवला म्हणून. मी त्याचा जोडीदार. ताट त्याचंच आहे."

ती काय म्हणाली असती ते मला माहीत नाही, कारण पूंगोडी पुढे आली आणि तिनं माझ्या पायावर पाणी घातलं, जसं माहेरच्या माणसाच्या घालतात. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

खोपी अंगणात उभी केली. वीस झावळ्या, त्यातल्या सात तेवढ्या सरळ. कयल आत पाटावर बसलेली, हळद लावलेली, बारा वर्षांची. मी वाकून तिच्या हातात साडी दिली. तिनं पाया पडायला हात पुढे केला आणि बायकांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "तात्तांचा आज किती आला?"

"नव्वद," मी म्हणालो.

तिनं मान वर केली. "खरं?"

मी खिशातून फोन काढला आणि तिच्या हळदीच्या हातात दिला.